दुकानात वा गिरणीत इजा झाली तर गिऱ्हाइकाने काय करावे?



पेरणीचे दिवस आले की खताच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला युरियाच्या गोण्यांची छताला टेकलेली थप्पी, दुसऱ्या बाजूला औषधांच्या बाटल्यांनी वाकलेली फळी, आणि मध्ये वजनकाट्याची उघडी वायर. त्यातूनच वाट काढीत आपण आत जातो, माल घेतो, बाहेर येतो. रोजचेच असल्यामुळे त्यात काही धोका आहे असे वाटत नाही.

पण जरा विचार करा. युरियाची एक गोण ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. डोक्याएवढ्या उंचीवरून ती खांद्यावर आली तर हाड मोडते. मानेवर आली तर माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. पिठाच्या गिरणीत पट्ट्याला जाळी नसेल आणि दळण घ्यायला आलेल्या बाईचा पदर त्यात गेला, तर पुढचे सांगायलाच नको. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस महिनाभर खाटेवर पडला, की दवाखान्याचा खर्च वेगळा आणि हंगाम बुडाला तो वेगळा.

अशा वेळी लोक म्हणतात, "नशिबात होतं, झालं." दुकानदार म्हणतो, "अहो, तुम्हीच जरा बाजूला उभं राहायचं होतं." हळद लावून, पट्टी बांधून माणूस घरी येतो आणि प्रकरण तिथेच मिटते. मंडळी, हे बरोबर नाही. दुकानातील सामान नीट न ठेवल्यामुळे गिऱ्हाइकाला इजा झाली, तर भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने गिऱ्हाइकाला दिला आहे. मात्र हा हक्क पदरात पडणे किंवा न पडणे हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत आपण काय केले यावर ठरते. म्हणून हे पत्रक नीट वाचा आणि घरात जपून ठेवा.

दुकानदाराची जबाबदारी कोणती?

दुकानाचे दार गिऱ्हाइकासाठी उघडे ठेवले, म्हणजे आत येणाऱ्या माणसाच्या जिवाची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी दुकानदारावर आली. काळजी घ्यायची म्हणजे काय? थप्पी पडणार नाही अशी रचावी. फळ्या भिंतीला पक्क्या ठोकाव्यात. शटर अर्ध्यावरून खाली घसरणार नाही हे पाहावे. फ्रीज, पंखा, वजनकाटा यांना अर्थिंग असावे. गिरणीच्या आणि तेलघाण्याच्या पट्ट्याला जाळी असावी. फरशीवर तेल सांडले तर लगेच पुसावे. गिऱ्हाइकाला शिडीवर चढवून "वरची पेटी तुम्हीच काढा" असे सांगू नये. कडबाकुट्टीचे यंत्र चालवून दाखवायचे असेल तर बघणाऱ्यांना पुरेसे लांब उभे करावे.

"मी नव्हतो, नोकराने थप्पी लावली होती" असे सांगून मालकाला सुटता येत नाही. नोकराने नोकरीच्या कामात केलेल्या हयगयीला मालक जबाबदार असतो.

"आम्हाला दोष दिसलाच नाही" हेही कारण चालत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली होती. तो मनोरा नगरपालिकेच्या ताब्यात होता. या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली सांगितले की, माणसांच्या वर्दळीजवळ इमारत ठेवणाऱ्याने तिची वेळोवेळी तपासणी केलीच पाहिजे. वरून न दिसणाऱ्या दोषाची जबाबदारीही त्याच्यावर आहे. ते बांधकाम सुमारे ८० वर्षांचे होते आणि तशा बांधकामाचे आयुष्य ४० ते ४५ वर्षेच धरले जाते, हेही पुढे आले. नीट ठेवलेला मनोरा आपोआप कोसळत नाही. तो कोसळला यावरूनच हयगय दिसते आणि मग ती नव्हती हे दाखवण्याचे काम मालकाकडे जाते. नीट रचलेली थप्पी आपोआप माणसावर पडत नाही, तिलाही हाच न्याय लागू शकतो.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहकाच्या हक्कांत पहिलाच हक्क असा आहे की, जिवाला व मालमत्तेला धोकादायक असलेला माल व सेवा यांपासून त्याला संरक्षण मिळावे.

पैसे देऊन माल घेणारा किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. दळणाचे पैसे दिले की तुम्ही गिरणीवाल्याचे ग्राहक झालात. माल उधारीवर घेतला तरी तुम्ही ग्राहकच, कारण पैसे देण्याचे वचन दिलेले असते. शेतीसाठी बियाणे घेणारा शेतकरीही ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात २०१२ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे "शेती हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही" असे कोणी म्हटले तर घाबरू नका.

इजा दुकानातल्या सामानाने न होता, विकत घेतलेल्या वस्तूच्याच दोषाने झाली, तर ती वस्तू बनवणारी कंपनीही जबाबदार धरता येते. विकणाऱ्याने जोडणी नीट केली नसेल, धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवली नसेल किंवा बनवणारा कोण हेच सापडत नसेल, तर विकणाराही सुटत नाही. मात्र आपणच यंत्राची जाळी काढून टाकली किंवा भलत्याच कामाला ते यंत्र लावले, तर भरपाई मिळणे कठीण.

एक अडचण आधीच सांगतो. दुकानात नुसते शिरलात, काही घेतले नाही आणि इजा झाली, तर "हा ग्राहकच नव्हता" असा वाद समोरचा काढू शकतो. म्हणून हक्क संपत नाही. अशा वेळी दिवाणी न्यायालयात हयगयीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. त्यासाठी वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा, कारण दिवाणी दाव्यालाही मुदत असते.

इजा गंभीर असेल तर पोलिसांतही तक्रार करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १२५ हे हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दल आहे, तर कलम २८९ यंत्राच्या बाबतीत केलेल्या हयगयीबद्दल आहे. हयगयीने मृत्यू झाला तर कलम १०६ लागते. पोलीस केसमध्ये गुन्हेगाराला शिक्षा होते. भरपाईसाठी मात्र बहुधा वेगळी तक्रार करावी लागते, हे ध्यानात असू द्या.

"मालक जबाबदार नाही" ही पाटी

पुष्कळ दुकानांत पाटी असते: "इजा झाल्यास मालक जबाबदार नाही." ती वाचून निम्मे लोक तक्रारच करीत नाहीत. अशी पाटी लावली म्हणून हयगय माफ होत नाही. दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलाने गाडी ठेवण्याच्या पावतीवर "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" असे छापले होते. गाडी चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले की, स्वतःच्या किंवा नोकरांच्या हयगयीची जबाबदारी अशा छापील ओळीने हॉटेलाला झटकता येणार नाही. ते प्रकरण गाडीचे होते, पण तिथे गाडीबाबत जे चालले नाही ते माणसाच्या हाडामासाबाबत कसे चालेल, असे आपणही म्हणू शकतो.

पहिल्या दिवशी काय करावे?

१. आधी उपचार. शॉक लागला असेल तर प्रथम मेन स्विच बंद करा, त्याआधी माणसाला हात लावू नका. कीटकनाशक अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने भरपूर धुवा. डोळ्यात गेले असेल तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे डोळा धुवा आणि बाटली किंवा तिच्यावरचे लेबल डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या. मानेला वा पाठीला मार असेल तर माणसाला ओढू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

२. डॉक्टरांना खरे कारण सांगा. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. "घरी पडलो म्हणून सांगा, खर्च मी देतो" असे दुकानदार कानात सांगतो आणि भिडेपोटी आपण तसेच सांगतो. केसपेपरवर "घरी पडला" असे एकदा लिहिले गेले की पुढे कोण विश्वास ठेवणार? "अमुक दुकानात खताची गोण अंगावर पडली" असेच लिहून घ्या. मार मोठा असेल तर शक्यतो सरकारी दवाखान्यात जा आणि पोलीस केस म्हणून नोंद करायला सांगा.

३. जागेचे फोटो काढा. पडलेली थप्पी, तुटलेली फळी, उघडी वायर, जाळी नसलेला पट्टा. दुकानदार तासाभरात सगळे आवरून टाकतो, म्हणून बरोबरच्या माणसाने लगेच मोबाईलवर फोटो काढावेत. दुकानाची पाटीही फोटोत येऊ द्या.

४. साक्षीदारांची नावे व फोन नंबर लिहून घ्या. त्या वेळी दुकानात असलेली दोन माणसे पुरेत.

५. खरेदीचा पुरावा जपा. खते, बियाणे, कीटकनाशके विकणाऱ्याने पक्के बिल देणे बंधनकारक आहे. अनुदानित खत घेताना पॉस यंत्रावर अंगठा दिला की जी चिठ्ठी निघते, ती तुम्ही त्या दिवशी तेथे होता याचा उत्तम पुरावा आहे. मोबाईलवरून पैसे दिले असतील तर तो संदेश पुसू नका.

६. दुकानात कॅमेरा असेल तर त्या वेळचे चित्रण जपून ठेवावे असे दुकानदाराला लेखी कळवा. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते.

७. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. "आपसात मिटले, काही तक्रार नाही" असे लिहून देण्याची घाई करू नका. आतला मार किती आहे हे कधी कधी आठवड्याने कळते. दुकानदाराने उपचाराला पैसे दिले तर जरूर घ्या, पण "उपचारापोटी आगाऊ मिळाले" असे लिहून घ्या.

भरपाई कशाकशाची मागता येते?

दवाखाना, औषधे, तपासण्या, जाण्यायेण्याचे भाडे हा खर्च आलाच. त्याशिवाय बुडालेले दिवस, पुढे कायमचे काम कमी झाले असेल तर ते नुकसान, आणि सोसलेला त्रास याबद्दलही मागता येते. शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. तुम्ही खाटेवर असताना पेरणीला, पाणी द्यायला, धारा काढायला मजूर लावावा लागला, तर ती मजुरीही नुकसानच आहे. कोणाला किती दिवसांची मजुरी दिली ते वहीत तारखेवार लिहा आणि सही घ्या.

नोकरदाराजवळ पगाराची चिठ्ठी असते, आपल्याजवळ नसते. मग उत्पन्न कसे दाखवायचे? सातबारा, आठ-अ, आडत्याची पट्टी, साखर कारखान्याचे बिल, दूध संघाची पावती हेच आपले पुरावे. सगळे एका पिशवीत ठेवा.

तक्रार कोठे आणि कशी करावी?

आधी दुकानदाराला एक साधे पत्र लिहा. मजकूर असा असावा:

"मी दिनांक … रोजी सकाळी … वाजता आपल्या दुकानात खत घेण्यास आलो असता, गोण्यांची थप्पी माझ्या अंगावर पडून उजवा खांदा मोडला. उपचारास रु. … खर्च झाला, … दिवस काम बुडाले व मजुरीपोटी रु. … द्यावे लागले. माल सुरक्षित ठेवणे ही आपली जबाबदारी होती. तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रु. … द्यावेत, अन्यथा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल."

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती व पत्राची नक्कल ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करूनही सल्ला मिळतो.

उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. त्याबद्दल एवढे लक्षात ठेवा:

इजा झाल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे.

तुम्ही जेथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. लातूरचा शेतकरी पुण्यातील दुकानात जखमी झाला तरी लातूरला तक्रार चालते.

माल किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. इथे भरपाईची नव्हे, तर दिलेली किंमत पाहतात. तीनशे रुपयांचे खत घेताना हात मोडला आणि तीन लाख मागितले, तरी फी शून्य.

वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते.

दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवतो. तेथे पुष्कळदा लवकर मिटते.

आयोगाचा आदेश पाळला नाही तर दुकानदाराला कैद किंवा दंडाची शिक्षा होऊ शकते.

तीन महिन्यांत निकाल व्हावा असे कायद्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि वेळ लागतो. धीर ठेवावा, कागद जपावेत.

वकील हवाच असेल आणि ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अटही नाही. त्यासाठीचा फोन क्रमांक १५१०० आहे.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

"दुकानदार आपल्याला उधारी देतो. त्याच्याशी वैर कशाला?"

ही शंका खरी आहे. गावात एकमेकांवाचून चालत नाही. पण हक्क मागणे म्हणजे भांडण नव्हे. आधी चार माणसांत बसून बोला. अनेक दुकानदारांनी दुकानाचा विमा उतरवलेला असतो आणि त्यात गिऱ्हाइकाला झालेल्या इजेची जोखीमही कधी कधी धरलेली असते. "मालक, तुमच्या पॉलिसीत हे बसतंय का बघा" असे म्हणून बघा. त्याच्या खिशाला झळ न लागता काम होऊ शकेल. बोलून दोन महिने गेले तरी हरकत नाही, पण दोन वर्षे जाऊ देऊ नका.

"थोडी चूक माझीही होती. मग?"

तरी हक्क जात नाही. चूक जेवढी तुमची, तेवढी भरपाई कमी होऊ शकते. मात्र "आत येऊ नका" असे सांगूनही तुम्ही यंत्राजवळ गेलात, तर प्रकरण कमजोर होते.

"माझ्याबरोबर आलेल्या हमालाला लागले तर?"

कामावर असलेल्या माणसासाठी भरपाईचे कायदे वेगळे आहेत. त्याने त्याच्या मालकाकडे मागणी करावी.

सरकारी मदत वेगळी

अपघातात मृत्यू आला किंवा अपंगत्व आले, तर महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची चौकशी जरूर करावी. ही योजना २०२३ पासून या स्वरूपात आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये आणि एक डोळा किंवा एक हात अथवा पाय निकामी झाल्यास १ लाख रुपये अशी मदत त्यात आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि तो महिन्याच्या आत करावा. ही मदत सरकारची आहे. ती मिळाली म्हणून दुकानदाराची जबाबदारी संपत नाही.

इजा होऊच नये म्हणून

भरपाई कितीही मिळाली तरी तुटलेले बोट परत येत नाही. म्हणून डोळे उघडे ठेवा. थप्पीला टेकून उभे राहू नका, तिच्या सावलीत मुलांना बसवू नका. गिरणीत जाताना पदर कमरेला खोचा, ओढणी आणि केस बांधा. ओल्या हाताने फ्रीजला किंवा काट्याला हात लावू नका. दुकानदाराने शिडीवर चढायला सांगितले तर सरळ "नाही" म्हणा. आणि फळी वाकलेली दिसली, वायर उघडी दिसली, तर दुकानदाराला तिथल्या तिथे सांगा. चार गिऱ्हाइकांनी सांगितले की तो दुरुस्त करतोच.

शेवटी, खत घ्यायला गेलेला माणूस खत घेऊन धडधाकट घरी यावा, एवढेच मागणे आहे आणि ते मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. बिल मागून घ्या, फोटो काढा, डॉक्टरांना खरे सांगा, दोन वर्षांच्या आत तक्रार करा. एवढे चार शब्द घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. काही अडले तर आपल्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला विचारा किंवा आम्हाला पत्राने कळवा. पुढील कार्यक्रमात उत्तर देऊ.